हेड एकाचं, पिस्टन दुसऱ्याचं

 

आज आम्ही तुम्हाला एका आवाजाची गोष्ट सांगणार आहोत. पत्र्याच्या डब्यात चार खडे टाकून डबा जोरात हलवला तर कसा आवाज येईल? टण् टण्, कोरडा, कानाला बोचणारा. तसा आवाज आमच्या पाण्याच्या इंजिनातून येत होता. आमच्यातल्या एकीला तो पहिल्याच दिवशी कळला. बाकीच्यांनी ऐकूनही ऐकला नाही. त्याची किंमत आम्ही दोन पिस्टन, पाव पीक आणि एका मैत्रिणीचं दुखावलेलं मन, अशी मोजली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून आज बोलतोय.

आमचा गट बारा जणींचा. गाव कोकणात, नदीच्या काठाला. भात कापून झालं की त्याच मळ्यात आम्ही कलिंगड लावतो, कडेने चवळी, मुळा, लाल माठ. नदीचं पाणी वर आणायला गटाने एक जुनं छोटं इंजिन घेतलं होतं. पेट्रोलवर चालू करायचं, चांगलं तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचं, अशा जातीचं. तेव्हा आमच्याकडे रॉकेल अजून मिळत होतं. इंजिन चालवायचं काम आमच्या एका वहिनीकडे होतं. ऑइल बघणं, गाळणी धुणं, दोरी ओढणं, सगळं तीच करायची.

एकदा हेडमधले प्लगचे आटे गेले. हेड म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, ज्यात प्लग बसतो. तालुक्याच्या मेस्त्रींनी दुसरं जुनं हेड आणून बसवलं. बोल्टची भोकं बरोबर जुळली, बाहेरच्या पाकळ्या तशाच, रंगही तोच. इंजिन पहिल्या ओढीला चालू झालं. उलट जोर वाढल्यासारखा वाटला. आम्ही खूश झालो.

रॉकेलवर घेतल्यावर दहा मिनिटांत तो टण् टण् आवाज सुरू झाला. वहिनी मेस्त्रींना सांगायला गेली. ते म्हणाले, "वहिनी, इंजिन आहे, आवाज तर येणारच. शिलाई मशीन आहे का ते?" तिने बैठकीत सांगितलं. आम्ही म्हटलं, पाणी येतंय ना, मग चालू दे. कलिंगडाची फळं नारळाएवढी झाली होती, एक दिवस पाणी चुकवायची सोय नव्हती.

नवव्या दिवशी इंजिन मध्येच बंद पडलं. उघडलं तर पिस्टनच्या माथ्याला आरपार भोक. करंगळी जाईल एवढं, कडा वितळलेल्या.

आता दोष कोणाचा? मेस्त्री म्हणाले, "ऑइल कमी ठेवून चालवलं असणार. बायकांच्या हातात इंजिन दिलं की असंच." आणि मैत्रिणींनो, लाज वाटते सांगायला, पण आम्हीही मान डोलावली. दुरुस्तीचा निम्मा खर्च वहिनीच्या बचतीतून कापायचा, असा ठराव आम्ही लिहिला. तिने सही केली आणि एक शब्द न बोलता उठून गेली. पुढच्या दोन बैठकांना ती आली नाही.

नवा पिस्टन बसला. आमच्या म्हाताऱ्या काकीने हट्ट धरला म्हणून मूळच्या हेडचे आटे शहरातून भरून आणले आणि तेच हेड परत लावलं. या वेळी इंजिन आमच्यातल्या दुसऱ्या दोघींनी चालवलं, ऑइल काठोकाठ ठेवून. तरी चढावर पाणी जोरात ढकलायला लागलं की पुन्हा टण् टण्. पहिल्यापेक्षा कमी, पण तोच आवाज. तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आता तर वहिनीचा हातही लागला नव्हता!

मग आम्ही इंजिन, काढून ठेवलेलं ते दुसरं हेड आणि भोक पडलेला पिस्टन, सगळं टेम्पोत घालून आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या एका सरांकडे नेलं. त्यांनी रागावलं नाही, हसले नाहीत. म्हणाले, "ताई, मी सांगत नाही, तुम्हीच मोजा." त्यांनी काय दाखवलं ते आता नीट ऐका.

आधी हा आवाज कुठून येतो ते समजून घेऊ. पिस्टन वर येताना हवा आणि इंधनाची वाफ दाबतो. सगळं वरच्या छोट्या पोकळीत कोंबलं जातं. मग प्लगची ठिणगी पडते. तिथून आग पसरत जाते, जशी पातेऱ्याच्या ढिगाला एका कडेने काडी लावली की जाळ दुसऱ्या कडेला सरकत जातो. असं झालं तर पिस्टनला एकसारखा धक्का बसतो आणि इंजिन गोड चालतं.

पण जळालेला भाग फुगतो आणि लांबच्या कोपऱ्यात उरलेल्या न जळलेल्या वाफेला आणखी दाबतो. दाबलं की तापतं. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड कसं गरम होतं, तसंच. दाब फारच झाला तर त्या कोपऱ्यातली वाफ जाळ पोचायच्या आधी आपोआप, एकदम भडकते. तो धक्का लोखंडावर हातोडी मारल्यासारखा आदळतो. तोच टण् टण् आवाज. त्याला मेस्त्री लोक नॉकिंग म्हणतात, कोणी म्हणतं इंजिन ठोकतंय. या ठोक्यांनी पिस्टनवर उष्णता इतकी चढते की अॅल्युमिनियम मऊ पडतं, रिंगांच्या खाचा तुटतात, शेवटी भोक पडतं.

आता प्रत्येक इंधनाची दाब सोसायची ताकद वेगळी. ती ताकद ऑक्टेनच्या आकड्याने मोजतात. आपल्या साध्या पेट्रोलचा आकडा पूर्वी किमान 91 असावा लागायचा. रॉकेलचा त्याहून फारच कमी. म्हणजे रॉकेल लवकर आपोआप भडकतं. म्हणून रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनात दाब कमी ठेवावा लागतो. आणि दाब किती, हे ठरतं हेड आणि पिस्टन यांच्यामध्ये किती पोकळी उरते त्यावर.

सरांनी दोन्ही हेडं स्वच्छ करून, प्लग घट्ट लावून, टेबलावर उताणी ठेवली. काठाला ग्रीस लावून वर भोक पाडलेला पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चिकटवला. आमच्या हातात सुई नसलेली औषधाची सिरिंज दिली आणि भोकातून पातळ ऑइल भरायला लावलं. कोणत्या हेडमध्ये किती मावतं, एवढंच मोजायचं. मूळच्या हेडपेक्षा मेस्त्रींनी लावलेल्या हेडमध्ये 10 मिलिलिटर कमी मावलं. दहा मिलिलिटर म्हणजे खोकल्याच्या औषधाचे दोन छोटे चमचे!

मग त्यांनी फळ्यावर हिशेब मांडला. आमच्या इंजिनाचा पिस्टन खालून वर येताना 160 मिलिलिटर जागा व्यापतो. मूळच्या जोडीत पिस्टन पूर्ण वर असताना पोकळी उरायची 40 मिलिलिटर. म्हणजे आधी जागा 160 अधिक 40, दोनशे. ती दाबून चाळीस झाली. दोनशेला चाळिसाने भागा, पाच. दाब पाच पट. रॉकेलला तो चालतो. दुसऱ्या हेडमध्ये पोकळी राहिली 30. एकशे नव्वद भागिले तीस, सहा पूर्णांक तीन दशांश. पेट्रोलला यात काहीच अडचण नाही, कारण ते हेड पेट्रोलच्या इंजिनाचंच होतं. रॉकेलला मात्र ते सोसेना. दोन चमच्यांनी आमचा पिस्टन जाळला. ऑइलचा काही संबंध नव्हता.

"पण सर, आता तर मूळचंच हेड आहे," काकी म्हणाली. सरांनी दोन्ही पिस्टन, भोक पडलेला आणि नवा, शेजारी शेजारी ठेवले आणि एकच पिन दोन्हींच्या भोकांतून घातली. पिन सारखी, रिंगा सारख्या, जाडी सारखी. पण आडवी पट्टी ठेवली तर नव्या पिस्टनचा माथा दीड मिलिमीटर वर. दीड मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण 64 मिलिमीटर रुंदीच्या माथ्यावर दीड मिलिमीटरचा थर म्हणजे जवळजवळ 5 मिलिलिटर. पोकळी चाळीसची पस्तीस झाली, दाब साडेपाचच्या वर गेला. म्हणून आवाज कमी होता, पण होता.

तेव्हा कळलं, हेड चांगलं असून भागत नाही, पिस्टन चांगला असून भागत नाही. दोघांचं एकमेकांशी जमलं पाहिजे. त्यातही नुसतं माप नाही, आकारही. हेडचा जो सपाट भाग पिस्टनच्या अगदी जवळ येतो, तिथून वाफ जोराने पिळून बाहेर पडते, घुसळली जाते आणि जाळ झटकन पसरतो. झटकन जळलं की आपोआप भडकायला वेळच मिळत नाही. ही घुसळण ओळखून पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडच्या हॅरी रिकार्डो या इंजिनिअरने हेडचा आकारच बदलला आणि ठोका कमी केला.

त्याच सुमाराला अमेरिकेत दुसरा मार्ग निघाला. 1921 साली थॉमस मिजली याला सापडलं की पेट्रोलमध्ये शिशाचं एक रसायन थोडंसं घातलं की ठोका थांबतो. शिसं विषारी आहे हे तेव्हाही ठाऊक होतं. तरी ते जगभर वापरलं गेलं. गाडीच्या धुरातून ते पोराबाळांच्या रक्तात गेलं. आपल्या देशात शिशाचं पेट्रोल 2000 साली बंद झालं आणि जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, 2021 साली. इंजिनाचा एक ठोका थांबवायला काय काय मोजावं लागलं बघा. म्हणून ठोक्याला हलकं समजू नका, आणि त्यावर कोणी बाटलीतलं जादूचं औषध विकत असेल तर आधी इंजिन मापून घ्या.

आता तुमच्या कामाच्या गोष्टी. कागद असेल तर लिहून घ्या.

पहिली गोष्ट. इंजिनावर लहानशी पत्र्याची पाटी असते. तिच्यावरचं मॉडेल आणि नंबर गटाच्या वहीत उतरवून ठेवा. हेड, पिस्टन किंवा गॅस्केट आणताना तो नंबर दुकानात दाखवा. "याच्यासारखंच द्या" असं म्हणू नका. सारखं दिसणं वेगळं आणि जुळणं वेगळं.

दुसरी. काढलेला जुना भाग मेस्त्रींकडे सोडून येऊ नका. परत मागा. नवा बसवण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून बघा. पिस्टनला एक पिन घालून माथा बघा, हेडमध्ये सिरिंजने ऑइल भरून बघा, गॅस्केटची जाडी बोटांनी चाचपा. पातळ गॅस्केट लावलं तरी पोकळी कमी होते.

तिसरी. नवी जोडी पहिल्यांदा बसवताना पिस्टन कुठे टेकत नाही ना, हे बघायला सांगा. पोरं खेळतात ती मऊ क्ले पिस्टनच्या माथ्यावर ठेवायची, गॅस्केट लावून हेड बसवायचं, हाताने हळूच एक फेरा द्यायचा आणि उघडून दबलेली क्ले किती जाड राहिली ते मोजायचं. नंतर क्ले पूर्ण पुसून काढायची. मेस्त्रींना राग आला तर येऊ दे. पैसे आपले आहेत.

चौथी. जोडी बरोबर असूनही ठोका येऊ शकतो. आत काजळी साठली तर तीही पोकळी कमी करते, आणि तापलेली काजळी निखाऱ्यासारखी आधीच आग लावते. ती लाकडाच्या चिपेने खरवडा, लोखंडाने नको. बाहेरच्या पाकळ्यांत चिखल, गवत अडकलं की इंजिन तापतं. ठिणगी वेळेच्या आधी पडत असेल तरी ठोकतं. इंजिन गार असताना रॉकेलवर घेऊ नका, आणि बंद करण्याआधी थोडा वेळ पेट्रोलवर चालवा. न जळलेलं रॉकेल ऑइलमध्ये उतरून ते पातळ करतं. ऑइलच्या पट्टीला रॉकेलचा वास आला की ऑइल बदला.

पाचवी. चालू असताना टण् टण् ऐकू आलं तर लगेच वेग आणि भार कमी करा. रॉकेलवर असेल तर पेट्रोलवर घ्या. तरी थांबलं नाही तर इंजिन बंद करून आपोआप निवू द्या. तापलेल्या हेडवर पाणी ओतू नका, तडा जाईल.

सहावी गोष्ट आजच्या काळाची. आता रॉकेल मिळेनासं झालं म्हणून बऱ्याच जणी जुनं रॉकेलचं इंजिन नुसत्या पेट्रोलवर चालवतात. त्यात धोका नाही, कारण दाब कमी आहे. जोर मात्र बेताचाच राहतो. कोणी म्हणेल, पेट्रोलचं हेड लावून देतो, जोर वाढेल. खरं आहे, वाढेल. पण एकदा लावलंत की टाकीवर रंगाने ठळक लिहा, "फक्त पेट्रोल". घरात उरलेलं लिटरभर रॉकेल कोणीतरी नकळत ओतलं तर आमची गत होईल. आणि स्वस्तात मिळालेलं बाटलीतलं पेट्रोल घेऊ नका. त्यात रॉकेल मिसळलेलं असलं तर तुमची स्कूटीही चढावर ठोकायला लागेल.

एक सावधगिरी. पिठाच्या गिरणीचं डिझेल इंजिन असेल तर हा हिशेब तसाच लावू नका. डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतो, दाबाच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. तिथे दाब कमी झाला तर डिझेल उशिरा पेटतं, तोवर जास्त साठतं आणि मग एकदम भडकून जास्तच ठोकतं. म्हणून तिथे आवाज कमी करायला दोन गॅस्केटं एकावर एक घालू नका. नियम उलटा आहे, पण मूळ गोष्ट एकच. ज्या इंजिनाचं जे माप, तेच ठेवायचं.

आता आमच्या वहिनीचं सांगतो. सरांकडून आलो त्याच संध्याकाळी आम्ही अकराजणी तिच्या घरी गेलो. ओटीवर बसलो. कोणाला काय बोलावं कळेना. शेवटी काकी म्हणाली, "बाय गे, तुझे कान खरे होते. आमचे बहिरे." वहिनी म्हणाली, "पैशाचं काही नाही काकी. मी सांगत होते ते कोणी ऐकलं नाही, त्याचं वाईट वाटलं."

पुढच्या बैठकीत जुना ठराव रद्द केला. नुसता खोडला नाही. खाली कारण लिहिलं, "इंजिन बिघडण्याचं कारण न जुळणारं हेड. चालवणारीचा दोष नव्हता. गटाने चौकशी न करता दोष दिला, ही गटाची चूक." बाराही जणींनी सह्या केल्या. तिच्या बचतीचे पैसे परत जमा केले. बरोबर उंचीचा पिस्टन मिळेपर्यंत घागरींनी पाणी घातलं, तरी चौथा हिस्सा फळं लहान राहिली आणि पडत्या भावाने गेली. तेही वहीत आहे.

त्या वहीत आता इंजिनाचं वेगळं पान आहे. कोणता भाग कधी बदलला, जुन्याचं माप काय, नव्याचं काय. आणि बैठकीत पहिला प्रश्न असतो, "इंजिनाचा आवाज कसा आहे?" उत्तर वहिनी देते. ती बोलत असताना कोणी मध्ये बोलत नाही.

मैत्रिणींनो, जी बाई रोज यंत्राजवळ उभी राहते, तिच्या कानाला जे कळतं ते दुकानात बसलेल्या माणसाला कळेलच असं नाही. भाकरी फुगली की नाही हे आपण न बघता वासावरून ओळखतो, तसंच आहे हे. तुमच्या गटात कोणी म्हणाली, "आज आवाज वेगळा येतोय," तर पाणी चालू आहे म्हणून गप्प बसू नका. इंजिन थांबवा, तिच्याजवळ जाऊन बसा, आणि आधी तिचं ऐका.

येतो आम्ही. नमस्कार.